धानोरी : ५-१२-५ च्या दुहेरी काचेने विमानांचा आवाज खरंच कमी होतो का?

धानोरीकर
नमस्कार. पुण्यात धानोरीला, पोरवाल रोडच्या बाजूला सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर स्वतःचा टू बीएचके आहे. मोठ्या बेडरूमची खिडकी लोहगाव विमानतळाच्या धावपट्टीच्या दिशेला आहे. ५ फूट रुंद, ४ फूट उंच, ॲल्युमिनिअमची तीन ट्रॅकची सरकती खिडकी, दोन पल्ले काचेचे, तिसरा मच्छरजाळीचा. काच साधी ५ मिमी. बाहेर लोखंडी ग्रिल. भिंत सहा इंची विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा. खोलीत स्प्लिट एसी आहे. बाथरूम बेडरूमला जोडून आहे, त्याला काचेच्या पट्ट्यांचे लूव्हर्स आहेत आणि आत गॅस गिझर आहे.

घरात आठ महिन्यांचं बाळ आहे आणि वडील दुपारी झोपतात. दिवसाची प्रवासी विमानं एक वेळ चालून जातात. मध्यरात्रीनंतरची आणि पहाटेची झोपमोड करतात. लढाऊ विमानं उडतात तेव्हा काचा थरथरतात.

एका दुकानदाराने ५-१२-५ ची (५ मिमी काच, मध्ये १२ मिमी हवा, पुन्हा ५ मिमी काच) दुहेरी काच सुचवली आहे, आवाज पूर्ण बंद होईल म्हणतो. दुसऱ्याने भिंतींना फोमचे पॅनेल लावायला सांगितलं. सोसायटी बाहेरच्या दर्शनी बाजूला काहीही बदलू देत नाही. नेमकं काय करावं, कोणत्या क्रमाने करावं आणि किती फरक पडेल, हे जाणकारांनी सांगावं.

नादमापन
आवाज पूर्ण बंद होईल असं जो म्हणतो त्याला ॲडव्हान्स देऊ नका. आधी मोजा.

दोन फोन घ्या. आयफोन असेल तर नायॉश एसएलएम हे मोफत ॲप चांगलं आहे. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक फोनचा माइक वेगळा, त्यामुळे आकडा सरळ विश्वासार्ह नसतो. पण आपल्याला बाहेरचा आणि आतला फरक काढायचा आहे, त्यासाठी हे पुरतं. ॲपमध्ये ए वेटिंग (माणसाच्या कानाला जसा ऐकू येतो तसा आवाज तोलणं) आणि स्लो (आकडा सावकाश बदलणं) ठेवा. पहिल्या दोन-तीन विमानांना दोन्ही फोन शेजारी ठेवून किती डेसिबलचा फरक दाखवतात ते लिहून घ्या, तो नंतर वजा करायचा. मग एक फोन बाल्कनीत, दुसरा उशीजवळ. खिडकी, दार, पंखा, एसी सगळं बंद. निदान दहा विमानांचे सर्वोच्च आकडे घ्या, उड्डाण आणि उतरणं वेगळं लिहा. एकाच विमानाचा आतला आणि बाहेरचा आकडा हवा, हे महत्त्वाचं.

खिडकी उघडी असताना आत-बाहेर १० ते १५ डेसिबलचा फरक मिळतो. साधी सरकती खिडकी बंद केली की २० ते २५. नीट बसवलेल्या दोन खिडक्या एकामागे एक असतील तर ३५ च्या आसपास किंवा वर. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, ३ डेसिबलचा फरक जेमतेम जाणवतो. हे लक्षात ठेवलं तर कुठला खर्च करण्यासारखा आहे ते आपोआप कळतं.

आता फटीचं गणित. तुमच्या खिडकीचा घेर १८ फूट, मधला जोड ४ फूट, मिळून सुमारे ६.७ मीटर. सरकत्या पल्ल्याच्या कडेला जुन्या ब्रशमुळे (फट झाकणाऱ्या केसाळ पट्टीमुळे) सरासरी २ मिमी फट धरा. ती १३४ चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे खिडकीच्या क्षेत्रफळाच्या ०.७ टक्के. एवढ्या फटीतून जाणारा आवाजच असा की काचेच्या जागी विटांची भिंत बांधली तरी खिडकीच्या त्या सगळ्या जागेची आवाज अडवण्याची क्षमता २१-२२ डेसिबलच्या पुढे जाणार नाही. एक टक्का फट असेल तर कमाल २०. म्हणून तुमच्या खिडकीत आज काचेची जाडी हा प्रश्नच नाही. उदबत्ती पेटवून, पंखा बंद ठेवून, पल्ल्यांच्या सगळ्या कडांवरून सावकाश फिरवा. धूर जिथे आत झुकतो किंवा बाहेर ओढला जातो तिथून आवाजही येतो. रात्री बाहेरून कोणी टॉर्च मारला तर मधल्या जोडातून उजेडाची रेघ स्पष्ट दिसते.

५-१२-५ बद्दल. दोन काचा आणि मधली हवा हे दोन वजनांमध्ये स्प्रिंग ठेवल्यासारखं वागतं. त्याची स्वतःची एक कंपनसंख्या असते आणि त्या ठिकाणी आवाज अडण्याऐवजी सुलभपणे पलीकडे जातो. ५ मिमी काचेचं वजन चौरस मीटरला १२.५ किलो. मध्ये १२ मिमी हवा असेल तर ही कंपनसंख्या सुमारे २२० हर्ट्झ येते. जेट उड्डाणाची घरघर नेमकी याच पट्ट्यात जोरदार असते. त्यात दोन्ही काचा एकाच जाडीच्या, त्यामुळे २४०० हर्ट्झच्या आसपास दोघींची कमजोरी एकाच जागी येते आणि उतरणाऱ्या विमानाची शीळ तिथून शिरते. उष्णता अडवायला हा काचसंच उत्तम. आवाजाला एकाच ६ मिमी काचेपेक्षा फारसा पुढे जात नाही.

हेच मधलं अंतर १०० मिमी केलं, बाहेर तुमची ५ मिमी ठेवली आणि आत ६.७६ मिमीची लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर असलेली) घेतली, तर ती कंपनसंख्या ७० हर्ट्झच्या जवळ खाली जाते. जाड्या वेगळ्या असल्याने कमजोर जागाही एकमेकींवर येत नाहीत. म्हणून आहे ती खिडकी तशीच ठेवून आतून दुसरी खिडकी. सोसायटीचा प्रश्नही सुटतो, कारण बाहेरून काहीच बदलत नाही.

फोमच्या पॅनेलने खोलीतला प्रतिध्वनी कमी होतो. टाळी वाजवली तर खोली मऊ वाटेल. बाहेरचा आवाज आत येण्याशी त्याचा संबंध नाही, कारण फोमला वजन नाही. अंड्यांचे ट्रे, जाड पडदे, सगळ्यांना हेच लागू.

सेक्शनवाला
वरचं सगळं बरोबर. मी बनवण्याच्या बाजूने सांगतो, कारण बहुतेक कामं बसवताना बिघडतात.

पहिला टप्पा आहे त्या खिडकीचा. पल्ले काढून ट्रॅक धुऊन घ्या. खालच्या रोलरचे स्क्रू फिरवून पल्ला ओळंब्यात आणा. पल्ला तिरका असेल तर वरच्या कोपऱ्यात फट राहते आणि नवा ब्रश घालूनही उपयोग होत नाही. ब्रश बदलताना जुन्याचा तुकडा दुकानात घेऊन जा. पाठीची रुंदी आणि केसांची उंची दोन्ही जुळायला हवी. उंची कमी पडली तर फट तशीच, जास्त झाली तर पल्ला सरकत नाही आणि घरातली माणसं जोर लावून कडी मोडतात. काचेभोवतीचं रबर उन्हाने आकसलेलं असतं. कोपऱ्यात ५-१० मिमी उघडं दिसलं की पूर्ण रबर बदला, तुकडे जोडू नका. ५ मिमी काच थरथरते त्याचं कारण बहुतेक वेळा हेच सैल रबर. जाळीचा पल्ला ट्रॅकमध्ये खुळखुळत असेल तर त्याच्या कडेला रबरी पट्टी लावा. ग्रिलचे बोल्ट आवळा आणि जिथे ग्रिल चौकटीला टेकतं तिथे रबरी वॉशर घाला.

मग चौकट आणि भिंत यांच्यातली फट. बिल्डरने तिथे पांढरं सिमेंट किंवा ॲक्रिलिक भरलेलं असतं, ते दोन-तीन पावसाळ्यांत सुटतं. पटाशीने खरवडून काढा, फट १० मिमीपेक्षा खोल असेल तर आधी बॅकर रॉड म्हणजे फोमची गोल दोरी दाबून घाला, वर सिलिकॉन. नुसता पीयू फोम (फवारल्यावर फुगणारा) मारून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. तो फोम हलका असतो, आवाज अडवायला त्याच्यावर सीलंटचा थर लागतोच.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूला छोटी भोकं किंवा चिरा असतात, त्या पाणी बाहेर जाण्यासाठी आहेत. आवाज येतो म्हणून त्या सिलिकॉनने बुजवल्या की जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत ट्रॅक भरतो आणि पाणी बेडवर येतं. त्या उघड्याच राहू द्या, आतली खिडकी त्यांची भरपाई करेल.

दुसरा टप्पा आतली खिडकी. ती सरकती नको, आत उघडणारी हवी, चारी बाजूंनी रबरावर दाबून बसणारी. यूपीव्हीसी घ्या किंवा ॲल्युमिनिअमचा चांगला केसमेंट (बिजागरीवर उघडणाऱ्या पल्ल्याचा) सेक्शन घ्या, फरक मटेरियलमध्ये कमी आणि रबर-कडीत जास्त आहे. यूपीव्हीसीची सरकती खिडकीसुद्धा ब्रशवरच चालते, त्यामुळे नुसतं यूपीव्हीसी ऐकून पैसे मोजू नका.

तुमची अडचण भिंतीच्या जाडीची येईल. सहा इंची भिंत, दोन्ही गिलावे धरून १७५-१८० मिमी. तीन ट्रॅकची चौकट बाहेरच्या अंगाला बसवली असली तरी आत ग्रॅनाइटची पट्टी ६० ते ७५ मिमीच उरते. १०० मिमी अंतर काचेपासून काचेपर्यंत मोजायचं, चौकटीपासून चौकटीपर्यंत नाही. जाळीचा ट्रॅक आतल्या बाजूला असेल तर काच आणखी बाहेर आहे, म्हणजे ते अंतर तुमच्या फायद्याचं. तरीही कमी पडलं तर १८ मिमी मरीन प्लायची पेटी-चौकट करून खोलीत दोन-तीन इंच पुढे घ्यावी लागते. भिंत आणि प्लाय यांच्या सांध्यातही सीलंट हवं. दोन खिडक्यांमधल्या चारही बाजूंना, वर-खाली-डावी-उजवी, २५ मिमी रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) काळ्या ग्लास-टिश्यूत (काचतंतूंच्या पातळ कापडात) गुंडाळून बसवा. त्या पोकळीत घुमणारा आवाज त्यात मरतो. उघडं रॉकवूल ठेवू नका, तंतू उडतात आणि घरात बाळ आहे. खालच्या बाजूला पाणी शिरण्याची शक्यता असेल तर तिथे रॉकवूल टाळा.

काच ३+०.७६+३ लॅमिनेटेड. ५ बाय ४ च्या मापाला वजन सुमारे २९ किलो होतं, म्हणून दोन पल्ले करा, मध्ये खांब. प्रत्येक पल्ला साडेचौदा किलोच्या आसपास, वर सेक्शनचं वजन. बिजागरी त्या वजनाची हवी. हलकी बिजागरी वर्षभरात लोंबते, पल्ल्याचा खालचा कोपरा घासतो आणि वरच्या कोपऱ्यात रबर टेकत नाही. कडी एकाच जागी पकडणारी नको, वर-मध्ये-खाली तीन ठिकाणी पकडणारी घ्या. एकाच कडीने चार फुटी पल्ला धनुष्यासारखा वाकतो.

माप घेताना रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी आणि दोन्ही कर्ण. आपल्याकडची खिडक्यांची भोकं क्वचितच काटकोनात असतात, ८-१० मिमीचा फरक नेहमीचा. कमीत कमी मापात चौकट करून चारी बाजूंना ५ मिमी मोकळं सोडा, पॅकिंग देऊन ओळंब्यात आणा. कोपऱ्यापासून १५० मिमीवर पहिला स्क्रू, मग दर ३००-४०० मिमीला एक. विटेच्या सांध्यात स्क्रू पडला तर पकड येत नाही, जागा बदला.

बसवून झालं की कागदाची पट्टी रबरावर ठेवून पल्ला बंद करा आणि पट्टी ओढा. चारी बाजूंनी, दर फुटाला. जिथे पट्टी सहज निघते तिथे रबर दाबलं जात नाही. कारागीर घरात असतानाच ही परीक्षा घ्या.

आणि सिलिकॉन न्यूट्रल घ्या. व्हिनेगरसारखा उग्र वास येणारं सिलिकॉन लॅमिनेटेड काचेच्या मधल्या थराला त्रास देतं, कडेला पांढरे डाग आणि बुडबुडे धरतात.

धानोरीकर
दोघांचेही मनापासून आभार. मोजमाप केलं. दहा विमानांची सरासरी : बाहेर ८४, उशीजवळ ६३. उदबत्तीचा धूर मधल्या जोडातून आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातून सरळ बाहेर जातो. बाथरूमच्या लूव्हर्समधूनही आवाज भरपूर येतो. ते ॲक्रिलिक शीट लावून बंद करावेत का? आणि एवढं सगळं बंद केल्यावर रात्री तिघांना हवा पुरेल का?

हवेशीर
लूव्हर्स बंद करू नका. तुम्ही स्वतःच लिहिलंय की आत गॅस गिझर आहे. गिझर जळायला खोलीतलाच ऑक्सिजन घेतो आणि हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. अंघोळ करणाऱ्याला चक्कर येते, दार उघडायची ताकदही उरत नाही. आवाजासाठी कुठल्याही घरात, कोणीही, गॅस गिझर असलेल्या बाथरूमची झडप बुजवू नये. गिझर मोकळ्या ड्राय बाल्कनीत हलवा किंवा विजेचा घ्या. तोपर्यंत लूव्हर्स पूर्ण उघडे.

त्याऐवजी बाथरूमचं दार हीच दुसरी खिडकी समजा. बेडरूम आणि बाथरूममधल्या दाराच्या चौकटीला तिन्ही बाजूंनी चिकटणारं रबर लावा, खाली दाराला रबरी पट्टी. पोकळ फायबरचं दार असेल तर ते हलकं पडतं, भरीव फ्लश दाराने चांगला फरक पडतो. झोपताना ते दार बंद.

स्वयंपाकघरालाही हाच नियम. पाइपचा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, गळला तर छताकडे साचतो. सिलिंडरचा एलपीजी जड, जमिनीलगत साचतो. म्हणून तिथलं वरचं-खालचं वायुवीजन आवाजासाठी बंद करायचं नाही. बेडरूमचं दार घट्ट करा, पुरे.

आता बेडरूमची हवा. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची एक फुंकरही आत आणत नाही. माणशी सेकंदाला ७.५ लिटर ताजी हवा धरली तर तिघांना तासाला सुमारे ८० घनमीटर लागते. खिडकी नीट सील केली की एवढी हवा फटींतून येणार नाही. सकाळी डोकं जड होणं, बाळाचं अस्वस्थ होणं, याचं मूळ पुष्कळदा इथे असतं. खोलीत कार्बन डायऑक्साइडचा मीटर ठेवा, एनडीआयआर (इन्फ्रारेड किरणांनी मोजणाऱ्या) सेन्सरचाच घ्या. आकडा १००० पीपीएमच्या खाली राहिला पाहिजे.

हवा आणायला ४ इंची इनलाइन पंखा पुरतो, मंद गतीवर चालवायचा म्हणजे त्याचाच आवाज होत नाही. भोक धावपट्टीच्या विरुद्ध भिंतीत घ्या, शक्य नसेल तर बाजूच्या. कोअर कटिंगवाल्याला सांगून भोकाला बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्या, नाहीतर पावसाचं पाणी आत येईल. बाहेर टोपी आणि कबुतरांसाठी जाळी. इमारतीच्या बीम-कॉलमला हात लावायचा नाही, सोसायटीचं पत्रही आधी घ्या. घरात आवाज-सापळा हवा : १८ मिमी प्लायची मीटरभर लांब पेटी, आतून २५ मिमी रॉकवूल टिश्यूसकट, आत दोन आडवे पडदे असे की हवा नागमोडी जाईल आणि एका टोकातून दुसरं टोक दिसणार नाही. सरळ पाइप टाकला तर तुम्ही चार इंचांचं नवं भोक पाडलं एवढंच होईल. हवेचा मार्ग कुठेही पाइपच्या क्षेत्रफळापेक्षा अरुंद करू नका. आत येण्याच्या तोंडाशी धुण्यासारखा फिल्टर.

एसीच्या तांब्याच्या नळ्या भिंतीतून जातात तिथे तीन इंची भोक असतं आणि त्यावर फक्त प्लास्टिकचं झाकण. झाकण काढून बघा, बहुतेक ठिकाणी मागे पोकळी असते. पुट्टीने भरून वर सीलंट. विसरून जाण्याजोगी जागा आहे, पण खिडकीइतकाच आवाज तिथून येऊ शकतो. फक्त त्याच भोकातून जाणारा पाण्याचा पाइप दाबला जाऊ देऊ नका.

दहा-अठ्ठावीस
खिडकीचं झालं. आता आवाज कधी आणि का बदलतो तेही कळलं पाहिजे, म्हणजे मोजमाप चुकत नाही.

लोहगावची धावपट्टी १०-२८ आहे. आकड्याला शून्य जोडलं की होकायंत्राचे अंश मिळतात, १०० आणि २८०, म्हणजे साधारण पूर्व-पश्चिम. लांबी सुमारे २,५३५ मीटर. विमान उडतं आणि उतरतं ते वाऱ्याला सामोरं जाऊन. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, तेव्हा उड्डाण धानोरी, टिंगरेनगर, विश्रांतवाडीच्या बाजूला होतं आणि उतरणारी विमानं वाघोलीकडून येतात. वारा फिरला की उलट, तुमच्या बाजूने उतरतात. म्हणून एकाच आठवड्यात मोजून निष्कर्ष काढू नका. धानोरीकरांनी ८४ नोंदवलंय, त्याच्यापुढे उड्डाण की उतरणं ते लिहिलेलं हवं.

उतरणारं विमान साधारण ३ अंशांच्या उतारावर येतं, किलोमीटरला सुमारे ५२ मीटर. धावपट्टीच्या तोंडाशी १५ मीटर धरले तर २ किलोमीटरवर ते जेमतेम १२० मीटरवर असतं, ५ किलोमीटरवर पावणेतीनशे. घर बघायला जाणाऱ्यांनी हे गणित नकाशावर मांडावं. विमाननगर धावपट्टीच्या शेजारी आहे पण तिच्या रेषेत नाही, तिथे बाजूने येणारी घरघर आणि उतरल्यावरचा रिव्हर्स थ्रस्ट (वेग कमी करायला इंजिनाचा उलटा जोर) जास्त. रेषेतल्या वस्त्यांत विमान डोक्यावरून जातं. दोन्हींचा त्रास वेगळा, उपायही थोडे वेगळे. रेषेतल्या घरात वरचा मजला असेल तर लोक आधी छताला हात घालतात. पण १२५-१५० मिमीचा काँक्रीटचा स्लॅब चौरस मीटरला तीनशे किलोंच्या वर असतो, तो तुमच्या खिडकीपेक्षा कितीतरी भक्कम आहे. पत्र्याचं छप्पर असेल तर मात्र तिथूनच सुरुवात : १५०-२०० मिमी पोकळी, ५० मिमी रॉकवूल, खाली साडेबारा मिमी जिप्समचे दोन थर, सांधे एकाखाली एक न येऊ देता.

हा तळ हवाई दलाचा आहे, नागरी टर्मिनल त्याच्या आवारात. मोठं नवं टर्मिनल २०२४ मध्ये सुरू झालं तरी धावपट्टी एकच आणि तीच सुखोई-३० या लढाऊ विमानांची. त्यामुळे अमुक विमान दुसरीकडून न्या ही मागणी इथे चालत नाही. लढाऊ विमानांचं वेळापत्रक जाहीर होत नाही, फ्लाइटरडारसारख्या ॲपवर ती दिसतही नाहीत. नोंदवहीत त्यांचा रकाना वेगळा ठेवा. आफ्टरबर्नरच्या (लढाऊ इंजिनात जास्तीचं इंधन जाळून जोर वाढवण्याच्या) आवाजात खालच्या पट्टीचा भाग प्रचंड असतो आणि काच त्यालाच सगळ्यात कमी अडवते. आतली खिडकी लावूनही त्यांचा आवाज प्रवासी विमानांइतका कमी होणार नाही, ही अपेक्षा आधीच ठेवा. काचांची थरथर मात्र थांबायला हवी.

कायद्याचं थोडक्यात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल आहे. लोक तक्रारीत तोच आकडा देतात आणि अर्ज तिथेच अडकतो. विमानतळांच्या परिसरासाठी २०१८ मध्ये केंद्र सरकारने वेगळी मानकं काढली : वर्षाला ५० हजारांहून जास्त उड्डाणं-उतरणं असलेल्या विमानतळांना दिवसा ७०, रात्री ६५, बाकीच्यांना ६५ आणि ६०. रात्र म्हणजे १० ते ६. हे आकडे सरासरीचे असतात, एका विमानाच्या शिखराचे नसतात. तुमचे ८४ कितीही त्रासदायक असले तरी त्यांची थेट तुलना ७० शी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी विमानांच्या आवाजाची शिफारस केली ती रात्री सरासरी ४० च्या खाली ठेवा अशी. दोन आकड्यांमधलं हे अंतर इथल्या प्रत्येक रहिवाशाला माहीत असलं पाहिजे. लेखी तक्रार करायचीच असेल तर तारीख, मिनिटापर्यंतची वेळ, दिशा, आतला-बाहेरचा आकडा आणि निदान दोन आठवड्यांची नोंद जोडा, एकट्याच्या नावाने न देता सोसायटीच्या लेटरहेडवर द्या.

नादमापन
धानोरीकर, ८४ वजा ६३, म्हणजे २१. फटीच्या गणिताशी तंतोतंत जुळतं. याचा अर्थ तुमची काच अजून कामालाच लागलेली नाही. आधी फक्त पहिला टप्पा आणि एसीचं भोक एवढंच करा आणि पुन्हा दहा विमानं मोजा. ३ ते ५ डेसिबल सुधारले पाहिजेत. सुधारले नाहीत तर आवाज दुसरीकडून येतोय, बहुतेक बाथरूमच्या दारातून. ते सापडेपर्यंत आतल्या खिडकीवर खर्च करू नका.

बाळाच्या कानात फोमचे बोळे कधीही घालू नका, गिळण्याची भीती असते. लहान मुलांचे इअरमफ मिळतात, पण ते जागेपणी थोड्या वेळासाठी, झोपवताना नाहीत. मोठ्यांना बोळे चालतील. ते बारीक वळून, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचे. अर्धवट बसलेला बोळा म्हणजे पुन्हा फटच.

धानोरीकर
समजलं. गिझर ड्राय बाल्कनीत हलवण्याचं काम या रविवारी सांगितलंय, ते आधी. मग ब्रश, रबर, एसीचं भोक, दार. आतल्या खिडकीचं कोटेशन मागवताना काय काय लिहून घ्यावं? दुकानदार नुसतं साउंडप्रूफ विंडो आणि चौरस फुटाचा दर लिहून देतोय.

सेक्शनवाला
साउंडप्रूफ हा शब्द खोडायला सांगा आणि हे लिहून घ्या : काच ३+०.७६+३ लॅमिनेटेड, कंपनीच्या शिक्क्यासह. बाहेरच्या काचेपासून अंतर किमान १०० मिमी. दोन पल्ले, आत उघडणारे. ईपीडीएम (ऊन-पावसात टिकणारं) रबर दोन ओळींत, कोपऱ्यात अखंड वळवलेलं किंवा चिकटवलेलं, कापून सोडलेलं नाही. तीन ठिकाणी पकडणारी कडी. बिजागरी किती किलोची ते आकड्यात. न्यूट्रल सिलिकॉन. प्लायची पेटी आणि रॉकवूल दरात धरलंय की वेगळं. शेवटचा हप्ता कागदाच्या पट्टीची परीक्षा झाल्यावर.

ऑर्डर देण्याआधी घरात तीन गोष्टी बघा. पल्ला आत उघडताना पलंग किंवा अभ्यासाच्या टेबलाला लागतो का. पडद्याची दांडी पेटीच्या पुढे न्यावी लागेल, तिचे ब्रॅकेट लांब लागतील. आणि दोन्ही पल्ले किल्लीशिवाय आतून उघडले पाहिजेत, आग लागली तर ग्रिलच्या खिडकीपाशी तरी पोचता यायला हवं.

पावसाळ्यात दोन खिडक्यांच्या मध्ये दमट हवा अडकते, काचेवर आतून धुकं धरतं, रॉकवूलच्या टिश्यूवर बुरशी येऊ शकते. खाली दोन-तीन सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. उघडीप मिळेल त्या दुपारी दोन्ही खिडक्या तासभर उघडून पोकळी कोरडी करा. बाहेरची खिडकी आतल्यापेक्षा जास्त घट्ट करायची नाही, म्हणजे ओल बाहेरच्या बाजूने निघून जाते.